ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स आणि पोपची शिळी वार्ता

८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे पोप निवडले गेले, ती वार्ता आमच्या घडियाळी पोळीत त्याच रात्री घरोघर पोचली. ऑगस्टिनियन संघातले हे पहिले पोप. त्यांच्या आधीचे फ्रान्सिस हे २०१३ साली निवडले गेलेले पहिले जेझुइट. मला मात्र आठवण झाली ती एका जुन्या जेझुइटाची, फादर थॉमस स्टीफन्स यांची. त्यांच्या वाट्याला नव्या पोपची वार्ता आली ती बहुधा शिळी होऊनच!

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ सालचा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातला. त्या देशात तेव्हा पोपचे फर्मान आणणे हा राजद्रोह ठरला होता. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड त्यांच्याबरोबर रोमला जावयाचे, ते निघण्यापूर्वीच पकडले गेले आणि त्यांची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निघाले. १५७५ साली रोममध्ये ते जेझुइट झाले, १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसले व ऑक्टोबरात गोव्यास उतरले. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

लिस्बनचा काफिला वर्षातून एकदा, पावसाळा सरता सरता गोव्यास लागे. आता १५९० साल पाहा. सप्टेंबरात सातवे अर्बन निवडले गेले आणि पंधरवडा पुरा होण्याआधीच वारले. मागून चौदावे ग्रेगरी, नववे इनोसंट आणि १५९२ च्या जानेवारीत आठवे क्लेमेंट. सतरा महिन्यांच्या आत चार पोप! १६०५ साली अकरावे लिओ तर महिनाभरही टिकले नाहीत. मिस्सामध्ये पोपचे नाव घेऊन प्रार्थना करावयाची असते. साष्टीतल्या या पाद्र्यांनी ज्यांचे नाव भक्तिभावाने घेतले, त्यांतले काही तोवर रोममध्ये पुरलेही गेले असणार.

ज्या राज्याच्या छत्राखाली स्टीफन्स काम करीत होते, त्या राज्याने साष्टीतली देवळे पाडली होती, हे विसरून त्यांचे गुणगान करणे मला जमत नाही. त्याच संतापातून १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले. त्यांची प्रेते परत मिळविण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. तरीही हा इंग्रज तेथेच राहिला आणि त्या लोकांची भाषा शिकला. पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पुढे आमच्या बडोद्यात प्रेमानंदाने माण वाजवीत आख्याने सांगितली. श्रोत्यांची भूक दोन्हीकडे एकच. १६१६ साली राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले.

१६१९ साली स्टीफन्स गोव्यातच वारले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घातली. ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही. भाविकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्या तेवढ्या घराघरांतून उरल्या, आणि त्यांवरूनच सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला.