डॉक्टर फिलिप आयर

मी तुम्हाला डॉक्टर फिलिप आयर यांची माहिती सांगतो. ते इंग्लंड देशात टाइन नदीकाठच्या न्यूकॅसल शहरात भूल देणारे डॉक्टर होते. त्यांना वारून चाळीस वर्षांच्या वर झाली, पण भूल देणारे सगळे डॉक्टर त्यांचे नाव ओळखतात.

आयर जन्मले तेव्हा त्यांचा ओठ फाटलेला होता व टाळूलाही चीर होती. त्यामुळे त्यांना नीट बोलता येत नसे. तरी ते शिकून डॉक्टर झाले. माझी आत्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, तिच्या बाळाचा ओठ असाच होता. बायका म्हणायच्या, आत्याने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं. आत्या लई रडायची. पण इंग्लंडात कोण ग्रहण पाळतंय? मग तिथे सगळ्यांचेच ओठ फाटायला पाहिजे होते.

ओठाचे ऑपरेशन तोंडावरच चालते, म्हणून भुलीचा मुखवटा तोंडावर धरता येत नाही. मग श्वासनळीत बारीक नळी घालतात. पूर्वी त्या नळीला मोठ्या माणसांचे यंत्र जोडत. त्यात झडपा असत. पपईच्या देठातून श्वास घेतला तर आपण दमतो, मग एवढ्याशा बाळात झडप ढकलायची ताकद कुठली? बाळ पांढरे पडे, त्याला घाम येई, ते भरभर श्वास घेई.

१९३७ साली आयर यांनी यावर उपाय छापला. शेतातल्या पाइपलाइनला आपण टी जोडतो ना, तसाच धातूचा छोटा टी. एका तोंडातून ऑक्सिजन व भुलीचे औषध येते. दुसरे तोंड बाळाच्या नळीला जोडतात. तिसरे उघडेच! बाळाने सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. झडप एकही नाही, म्हंजे बिघडायलाही काही नाही. मला हे फार आवडले.

पुढे १९५० साली लिव्हरपूलच्या डॉक्टर जॅक्सन रीस यांनी उघड्या बाजूला नळी व मागे भोक असलेली पिशवी लावली. ती फुगते नि बसते, त्यावरून बाळाचा श्वास चाललाय हे दिसते. श्वास कमी पडला तर डॉक्टर ती हाताने दाबतात.

आत्याच्या बाळाला भूल देताना हीच पिशवी होती. भूल देणाऱ्या बाईंनी ही हकीकत माझ्या वडिलांना सांगितली व ती पिशवी दाखवली. आता टी प्लॅस्टिकचा असतो. तीन तोंडे मात्र तशीच आहेत.