एका सिनेमावेड्याच्या नजरेतून दादासाहेब फाळके

सिनेमावेड्या माणसाच्या डोक्यात तीन खण असतात. पहिल्या खणात बटबटीत चित्रपट असतात. त्यांत गोळी लागलेला माणूस मरण्यापूर्वी दहा मिनिटे बोलतो आणि आपण हसत हसत सगळे पाहून टाकतो. दुसऱ्यात निराशा करणारे असतात. नाव मोठे, खर्च मोठा आणि बाहेर पडताना मन रिकामे! तिसऱ्यात अभिजात चित्रपट असतात. या खणांवरून आमच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर रोज वाद होतात. परंतु ज्याच्या एकट्याच्या कामाने हे तिन्ही खण भरतात असा एक माणूस आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्माला आला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. त्यांच्या नावाचा पुरस्कार सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे चित्रपट मात्र आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलानेही शास्त्री व्हावे असा त्या घराचा रिवाज. पण मुलाला चित्रे काढण्याचा, नाटकाचा आणि जादूचा नाद. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असे हाती लागेल ते शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्राचा धंदा मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल दोघेही गेले. पुढे त्यांनी जादूचे प्रयोग केले, तेही स्वतःचे नाव उलटे करून, ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून! १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी सोडली. मग लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. तो दादरला नेला, यंत्रे आणि रंगीत छपाई शिकण्यासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले आणि अखेर भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला.

हा हिशोब मी मुद्दाम मांडला. कारण १९११ साली गिरगावातल्या एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. हातात धंदा नव्हता. पदरी मुले होती. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले आणि आपले देव पडद्यावर आणायचे असे या बेकार गृहस्थाने ठरवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे वेड वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. आमच्या गावात एखाद्याने या वयात असे काही काढले असते तर त्याला देवऋष्याकडेच नेले असते.

त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, रात्र रात्र जागून प्रयोग केले. इतके की काही काळ त्यांची दृष्टी गेली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढली, सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये परत आले. परतल्यावर पहिला चित्रपट काढला तो कुंडीत पेरलेल्या एका दाण्याचा. रोप उगवते कसे, ते थोडे थोडे टिपून त्यांनी पडद्यावर क्षणांत वाढवून दाखवले. त्यावर विश्वास ठेवून सावकाराने पैसे दिले. तारण होते सरस्वतीबाईंचे दागिने.

सरस्वतीबाई म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पत्नी. १९०२ साली त्यांचे लग्न झाले. फाळक्यांच्या चरित्रातले हे नाव माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्या रात्री करीत. दिवसा कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडीत आणि रसायनेही मिसळीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आईने कानांतली फुले सोनाराकडे ठेवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे दागिने तारण ठेवले, हे तीन शब्द इतरांनी पुस्तकात वाचून पान उलटले तरी मला तसे करता येत नाही. ज्याने ते पैसे घेतले त्याला रात्री झोप कशी लागत असेल, ते मला थोडे कळते. चित्रपट पडला असता तर फाळक्यांच्या हौसेबरोबर त्या बाईंचे सोनेही बुडाले असते.

पण चित्रपट पडला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. लांबी सुमारे ३७०० फूट, चार रिळे. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिताश्व झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी स्त्री मिळेना. नाटकातच काय, सिनेमातही काम करणे तेव्हा कुलीन मानले जात नसे. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ झळकला होता, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. ते मुख्यतः नाटकाचे चित्रण होते. पडद्यासाठीच रचलेली मोठी कथा फाळक्यांनी आणली.

आता माझे मत. ‘राजा हरिश्चंद्र’ची आरंभीची आणि शेवटची रिळेच आज पाहायला मिळतात, आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. मी ती मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो, राणी पाहते, सगळे ओळीत उभे, जणू रविवर्म्याचे चित्र हलू लागले आहे. कॅमेरा जागचा हलत नाही. खरे सांगायचे तर आजच्या प्रेक्षकाला हे संथ वाटते. ‘लंकादहन’ १९१७ चा. त्यात साळुंक्यांनीच राम केला आणि सीताही केली! अशोकवनातल्या सीतेचे दणकट दंड पाहून माझा खोलीतला सोबती पोट धरून हसला. हा आमचा पहिला खण. पण त्या वेळच्या प्रेक्षकांनी पडद्यावर राम दिसताच हात जोडले, असे सांगतात. हसणे आमचे खरे आणि हात जोडणेही त्यांचे खरे.

‘कालिया मर्दन’ मात्र मी निःशंकपणे तिसऱ्या खणात ठेवतो. १९१९ च्या या चित्रपटात कृष्णाचे काम फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. आरंभी ती साध्या वेषात येऊन हसून, रुसून, रागावून दाखवते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे हे सोंग आहे हे आधी सांगून मग त्याच सोंगावर आपल्याला विश्वास ठेवायला लावले आहे! जादूगार केळफा येथे पुरेपूर दिसतो. पुढे पाण्याखाली नागाशी झुंज चालते, काठावर गोकुळातली माणसे आक्रोश करतात, आणि ती पोर फण्यावर नाचत वर येते. नाग कापडाचा आणि लाकडाचा आहे हे दिसते. तरीही ती वर येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. याहून अधिक आपण सिनेमाकडे काय मागतो?

दुसरा खणही टाळून चालणार नाही. १९१८ साली भागीदारांसह त्यांनी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. मग मतभेद झाले. ते राजीनामा देऊन काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास पुन्हा कंपनीत आले. पण मधल्या काळात सिनेमा पुढे निघून गेला होता. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलू लागला. त्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटाला १९३४ मध्ये मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ काढला. तो त्यांचा पहिला बोलपट आणि शेवटचा चित्रपट. आदल्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला होता आणि १९३७ मध्येच शांतारामांचा ‘कुंकू’ आला. ‘तुकाराम’मध्ये चमत्कार आहेत, पण त्यांच्या शेजारी जिजाईचा रिकामा डबा आणि तिचे करवादणेही आहे. ‘कुंकू’त तर देव नाही, एका मुलीवर लादलेले लग्न आहे. माणसाचे बोलणे ऐकू येऊ लागल्यावर प्रेक्षकाला घरातली भाषा ऐकायची होती. स्वर्गातून उतरणारी गंगा ही डोळ्यांची करामत होती. आणि करामतीचे युग सरले होते. त्यानंतर फाळक्यांनी चित्रपट काढला नाही.

हा भाग गौरवाच्या भाषणांत गाळला जातो. मला तो गाळणे अन्यायाचे वाटते. सुमारे ९५ चित्रपट काढणारा माणूस फसला, मागे पडला, हे सांगितल्याने तो लहान होत नाही. उलट, ज्याने वाट पाडली त्याच्याच अंगावरून गाड्या कशा पुढे जातात, हे त्यातून कळते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, ते जवळजवळ विस्मृतीत. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ साली, जन्मशताब्दीच्या तोंडावर.

पुरस्काराने नाव राहते. चित्रपट मात्र पाहिले तरच राहतात. नाशिकला एवढे चित्रपट निघाले, त्यांतले पुरे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत. म्हणून आमच्या प्राध्यापकांना आणि वाङ्मय मंडळाला एक विनंती करतो. येत्या स्नेहसंमेलनात फिशपाँड आणि गाणी जरूर असू द्यावीत. पण एका संध्याकाळी सभागृहातले दिवे घालवून ‘कालिया मर्दन’ दाखवावा. तासाभरात संपतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. मंदाकिनी फण्यावर नाचू लागली की हसणे आपोआप थांबते की नाही, ते आपण सगळे मिळून पाहू.