कार्टर वुडसन आणि शाळेतील इतिहास

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९ डिसेंबर १८७५ रोजी, व्हर्जिनियातील न्यू कँटन या खेड्यात कार्टर गॉडविन वुडसन यांचा जन्म झाला. ते दास्यविमोचन खुद्द अमेरिकेतील शाळकरी मुलांना कसे सांगितले जात होते, या प्रश्नाशी त्यांचे सारे आयुष्य बांधले गेले.

त्यांचे आईवडील गुलामगिरीत वाढलेले. यादवी युद्धाच्या काळात वडील निसटून उत्तरेच्या बाजूला जाऊन मिळाले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. पुढे पश्चिम व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत काम करीत असता वुडसन यांना ऑलिव्हर जोन्स हा खाणकामगार भेटला. तोही त्या युद्धातील सैनिक आणि निरक्षरच. परंतु त्याच्या घरी कृष्णवर्णीय सैनिकांच्या पराक्रमावरील ग्रंथ होते. संध्याकाळी तेथे जमणाऱ्या कामगारांना वुडसन यांनी वाचून दाखवावे आणि मोबदल्यात फळे खावीत, असा करार ठरला. वाचनाच्या ओघात ही माणसे स्वतः पाहिलेल्या लढाया सांगत. वुडसन यांचे इतिहासाचे पहिले विद्यापीठ हेच म्हटले पाहिजे. माध्यमिक शाळेत ते दाखल झाले ते विसाव्या वर्षाच्या सुमारास. १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते वॉशिंग्टनमधील एका शाळेत शिकवीत होते.

खाणीत ऐकलेला इतिहास पाठ्यपुस्तकांत मात्र नव्हता. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. पुस्तकांत मुक्ती ही केवळ वरून मिळालेली देणगी ठरे. दक्षिणेत तर १९२० च्या सुमारास मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी पाठ्यपुस्तके पारखण्याचा मापदंडच प्रसिद्ध केला. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली, किंवा गुलामांचे मालक क्रूर होते, असे सांगणारे पुस्तक त्यानुसार त्याज्य होते.

वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी मंडळ स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी संशोधन-पत्रिका काढली. परंतु पत्रिका विद्वानांपर्यंत पोचते, वर्गापर्यंत नाही. म्हणून १९२२ मध्ये ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ आणि १९२६ च्या फेब्रुवारीत इतिहास-सप्ताह आला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस लोक आधीच साजरे करीत, म्हणून तो आठवडा निवडला. मात्र दोन महापुरुषांच्या स्तुतीत तो संपावा, हे त्यांना मान्य नव्हते. मुलांनी वर्षभर जे शिकले त्याचे ते प्रदर्शन असावे, ही त्यांची अपेक्षा होती.

या कामी खरा धोका पत्करला तो शिक्षकांनी. १९३० नंतरच्या दशकात लुइझियानातील एका शाळेत एक शिक्षिका वुडसन यांचे पुस्तक मांडीवर ठेवून वाचून दाखवीत. मुख्याध्यापक दारात दिसताच त्या नजर वर उचलून मेजावरील मंजूर अभ्यासक्रमाकडे वळत आणि ते गेले की पुन्हा मांडीवरच्या पानांकडे. वर्गातील मुलांना हे सारे कळत होते. गुलामगिरीच्या काळात चोरून अक्षरे गिरविणाऱ्या पूर्वजांचीच ही रीत होती, आणि वुडसन यांचा पहिला ग्रंथ नेमका त्या शिक्षणाविषयीचा होता, हा योगायोग नव्हे.

स्वभावाने ते एकांडे आणि हट्टी होते. मंडळ एखाद्या महाविद्यालयाला जोडावे, हा धनिक संस्थांचा आग्रह त्यांनी झुगारला. परिणामी मोठ्या देणग्या आटल्या. या हट्टाने कामाची गती मंदावली, पण मंडळाची मालकी दुसऱ्याच्या हाती गेली नाही.

१९३७ मध्ये त्यांनी शाळाशिक्षकांसाठी ‘निग्रो हिस्टरी बुलेटिन’ सुरू केले. त्याच मासिकात १९४४ मध्ये ऑलिव्हर जोन्स आणि खाणीतील त्या वृद्ध योद्ध्यांच्या आठवणी लिहून त्यांनी त्यांना शिक्षकांच्या हाती सोपविले. ३ एप्रिल १९५० रोजी वॉशिंग्टनमधील राहत्या घरी, जे मंडळाचे कार्यालयही होते, त्यांचे निधन झाले. योजलेला विश्वकोश अपुराच राहिला.