सोळाव्या वर्षीचा सौदा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा म्हणून थॉमस जेफरसन आपल्याला माहीत असतो. सगळी माणसं समान आहेत, असं त्यानं १७७६ साली लिहिलं. पण याच माणसाच्या मालकीचे आयुष्यभरात ६०० हून जास्त गुलाम होते. त्यातलीच एक सॅली हेमिंग्ज.

सॅली जन्मली १७७३ च्या सुमारास, व्हर्जिनियात. आई एलिझाबेथ गुलाम. बाप म्हणजे आईचाच मालक, इंग्लंडहून येऊन तिथे स्थायिक झालेला जॉन वेल्स. बाप गोरा असून उपयोग काय? आई गुलाम तर मूलही गुलाम, हा कायदा तिथे १६६२ पासूनच होता. वेल्सची गोऱ्या बायकोपासून झालेली मुलगी मार्था ही जेफरसनची पत्नी. वेल्स वारला आणि मार्थाला वारशात गुलाम मिळाले, त्यात तान्ही सॅलीही आली. एकाच बापाच्या दोघी लेकी, पण एक मालकीण आणि दुसरी मालमत्ता!

मार्था १७८२ मध्ये गेली. जेफरसन पॅरिसमध्ये राजदूत असताना १७८७ साली त्याच्या धाकट्या मुलीला सोबत म्हणून १४ वर्षांची सॅली तिकडे पोचली. तिथेच चाळिशी ओलांडलेल्या मालकानं तिच्याशी संबंध ठेवले. नकार द्यायची सोय तिला होतीच कुठे?

फ्रान्समध्ये मात्र तिला कायद्यानं स्वातंत्र्य मागता आलं असतं. म्हणून १७८९ मध्ये परतायची वेळ आली, तेव्हा ती अडून बसली. होणारी मुलं २१ व्या वर्षी मुक्त होतील, असं वचन तिनं घेतलं आणि मगच जहाजात पाय ठेवला. हे सगळं पुढे तिच्या मुलानं, मॅडिसननं सांगितलं. १६ वर्षांची मुलगी, हातात ना कागद ना साक्षीदार. फक्त शब्द.

तो शब्द पाळला गेला. तिची चार मुलं जगली. थोरली दोघं, बेव्हर्ली आणि हॅरिएट, घर सोडून गोऱ्या समाजात मिसळली. पण त्यासाठी त्यांना आईशी असलेलं नातं लपवावं लागलं. मॅडिसन आणि एस्टन यांना १८२६ मध्ये जेफरसनच्या मृत्युपत्रानं मुक्त केलं. पुढच्याच वर्षी कर्ज फेडण्यासाठी त्याच्या मळ्यावरची १३० माणसं लिलावात काढली गेली. सॅलीच्या मुलांचं काय झालं असतं, ते यावरून कळतं.

सॅली १८३५ मध्ये वारली. मॅडिसननं १८७३ साली घरची कहाणी वर्तमानपत्राला सांगितली, पण शतकभर बड्या बड्या इतिहासकारांनी ती उडवून लावली. १९९८ मध्ये एस्टनच्या वंशजाचा डीएनए जेफरसन घराण्याशी जुळला, तेव्हा कुठे बहुतेकांनी मान डोलावली.

सॅलीचं एकही चित्र नाही, तिच्या हातचं एकही पत्र नाही. मागे राहिली ती तिनं सोडवलेली मुलं, आणि त्यांच्यातल्या एकानं न लाजता सांगितलेलं आईचं नाव.