जोसेफ प्लातो

जोसेफ अँत्वान फेर्दिनां प्लातो (१४ ऑक्टोबर, १८०१ - १५ सप्टेंबर, १८८३) हे बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रवाची धार तुटून तिचे थेंब का होतात, याचा पद्धतशीर प्रायोगिक अभ्यास त्यांनी केला. एकसारख्या आकाराचे थेंब व सूक्ष्मगोल तयार करण्याच्या आधुनिक तंत्राच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

जीवन

प्लातो यांचा जन्म ब्रुसेल्स येथे झाला. त्यांचे वडील फुलांची चित्रे काढणारे चित्रकार होते. वयाच्या चौदाव्या वर्षी ते पोरके झाले. लीएज विद्यापीठातून त्यांनी १८२९ साली डॉक्टरेट मिळवली. १८३२ मध्ये त्यांनी फेनाकिस्टोस्कोप हे उपकरण तयार केले. फिरत्या तबकडीवरील चित्रे त्यात हलताना दिसत. चलच्चित्राच्या पूर्वसुरींत त्याची गणना होते. १८३५ पासून ते गेंट विद्यापीठात प्राध्यापक होते.

दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रज्ञाची दृष्टी १८४३ च्या सुमारास पूर्णपणे गेली. १८२९ मध्ये एका प्रयोगासाठी त्यांनी काही सेकंद सूर्याकडे टक लावून पाहिले होते, त्यामुळे अंधत्व आले असे पूर्वी मानले जाई. ते डोळ्यांतील दीर्घकालीन दाहामुळे आले असावे, असे आता समजले जाते.

द्रवांवरील संशोधन

अंधत्वानंतरही प्लातो यांनी चाळीस वर्षे संशोधन चालू ठेवले. प्रयोगाची आखणी ते मनाशी करत. पुत्र फेलिक्स, जामात व्हान डेर मेन्सब्रुग आणि इतर सहकारी प्रयोग करून दिसेल ते त्यांना सांगत, आणि निष्कर्ष ते स्वतः काढत.

पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणाची घनता तेलाइतकी केली, की त्यात सोडलेले ऑलिव्ह तेल तरंगत नाही व बुडतही नाही. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम असा नाहीसा होऊन तेल पृष्ठताणामुळे गोलाकार धारण करते. दोन कड्यांमध्ये तेलाचा दंडगोल धरला असता, त्याची लांबी व्यासाच्या सुमारे ३.१४ पटींपेक्षा, म्हणजे परिघापेक्षा, जास्त होताच तो अस्थिर होतो, असे त्यांना आढळले. दंडगोल जेथे किंचित बारीक होतो तेथे आतील दाब वाढतो. द्रव फुगीर भागाकडे ढकलला जातो आणि अखेर थेंब सुटे होतात.

साबणाच्या पातळ पडद्यांच्या रचनेचे नियमही त्यांनी शोधले. हे सर्व संशोधन १८७३ साली दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. त्यात वर्णिलेले अनेक पडदे त्यांनी स्वतः कधीही पाहिले नव्हते.

वारसा

लॉर्ड रॅले यांनी १८७८-७९ मध्ये या अस्थिरतेचे गणित मांडले. धारेवरील जी तरंगलांबी धारेच्या व्यासाच्या सुमारे ४.५ पट असते ती सर्वांत वेगाने वाढते, असे त्यांनी दाखवले. आपोआप तुटणाऱ्या धारेचे थेंब लहानमोठे होतात. मात्र तोटीला योग्य वारंवारतेची कंपने दिली, तर धार समान अंतरावर तुटते व थेंब एकसारखे मिळतात. असे थेंब घट्ट केले, की एकसारखे सूक्ष्मगोल तयार होतात. सूक्ष्मगोलांचा आकार समान असल्यास त्यांतील औषध शरीरात किती वेगाने सुटेल, याचा अंदाज बांधणे सोपे जाते. शाई फवारणाऱ्या काही छपाई यंत्रांतही हेच तत्त्व वापरतात.

प्लातो यांचे गेंट येथे निधन झाले. ही घटना आज प्लातो-रॅले अस्थिरता या नावाने ओळखली जाते.