खांद्याला मानवणारी बंदूक

अ‍ॅनी ओकली हे नाव आपल्याकडच्या जुन्या सिनेरसिकांना माहीत असेल तर ते १९५० सालच्या ‘अ‍ॅनी गेट युवर गन’ या चित्रपटामुळे. त्या चित्रपटाच्या शेवटी नायिका हातात आलेला नेमबाजीचा सामना मुद्दाम हरते. कारण मनाजोगता नवरा मिळवायचा तर त्याला जिंकू द्यावे लागते! खऱ्या अ‍ॅनीने असले काही केले नाही. ती जिंकली, हरलेल्या पुरुषाशीच तिचे लग्न झाले आणि ते मरेपर्यंत टिकले.

तिचा जन्म १३ ऑगस्ट १८६० चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डार्क परगण्यातला. खरे नाव फीबी अ‍ॅन. घर लाकडी ओंडक्यांचे, खाणारी तोंडे पुष्कळ. १८६६ च्या हिवाळ्यात वडील वारले तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती. पुढची हकिकत आपल्या दुष्काळी भागातल्या, कर्ता माणूस गेलेल्या कुठल्याही घराची वाटावी अशी आहे. मुलीची रवानगी गोरगरिबांच्या सरकारी आश्रमात झाली. तिथून एका शेतकरी कुटुंबाने तिला कामाला नेले आणि गुरासारखे राबवले, मारलेही. त्या कुटुंबाचे नाव तिने पुढे कधी सांगितले नाही. लांडगे एवढाच त्यांचा उल्लेख ती करी. अखेर एक दिवस ती तिथून पळाली.

घरी वडिलांची जुनी ठासणीची बंदूक होती. वयाच्या आठव्या वर्षीच अ‍ॅनीने तिच्याने खार टिपली होती. परतल्यावर ती रानात जाऊन लावे, ससे मारू लागली आणि ग्रीनव्हिल गावच्या दुकानदाराला विकू लागली. तो माल सिनसिनाटीच्या हॉटेलांत जाई. आईच्या घरावरचे गहाण तिने याच पैशांतून, वयाच्या पंधराव्या वर्षी सोडवले, असे चरित्रकार सांगतात.

मला यातले सर्वांत मोठे वाटते ते हेच. आपल्याकडे छऱ्याच्या बंदुकीचा खेळ आला तो राजवाड्यांतून. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे बिकानेरचे महाराजा करणीसिंग यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक पटकावले. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण बंदूक हा त्यांच्या घराण्याचा अलंकार होता. अ‍ॅनीची बंदूक चुलीशी बांधलेली होती. दारू आणि छर्रे विकत आणायचे, म्हणजे चुकलेला प्रत्येक बार पदरचे पैसे घेऊन जाणार.

फ्रँक बटलर हा फिरत्या खेळांतला नावाजलेला नेमबाज. सिनसिनाटीला आला असता त्याने गावातल्या कुणाशीही शंभर डॉलरच्या पैजेवर सामना लावला आणि समोर उभी राहिली ती जेमतेम पाच फूट उंचीची ही पोर. पंचविसावा नेम फ्रँकचा चुकला, अ‍ॅनीचा लागला. हे साल १८७५ की १८८१ यावर अजून वाद आहे. महत्त्वाचे ते पुढेच. काही वर्षांत फ्रँकच्या लक्षात आले की बायको आपल्यापेक्षा सरस आहे. तेव्हा तो स्वतः मागे सरला आणि तिच्या खेळांची व्यवस्था पाहू लागला. एकोणिसाव्या शतकातल्या नवऱ्याला हे किती जड गेले असेल, याचा अंदाज आजचे नवरेही करू शकतील.

१८८५ साली दोघे बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात दाखल झाले. त्याच्या आदल्या वर्षी सू जमातीचा प्रमुख सिटिंग बुल तिचा नेम पाहून इतका खूष झाला होता की त्याने तिला मानसकन्याच केले. १८८५ मध्येच तिने एका दिवसात हवेत उडवलेल्या ५,००० काचेच्या गोळ्यांपैकी ४,७७२ फोडल्या. पाच हजार बार! प्रत्येक बाराबरोबर दस्ता खांद्यावर आदळतो, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचावा.

आणि तरीही १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव चालू असताना, लंडनमध्ये ही अ‍ॅनी अडखळली. तिथले कबुतर भलते चपळ. एका क्लबात तिचे नेम चुकत गेले. चार्ल्स लँकेस्टर या नामांकित बंदूकसाज पेढीच्या हेन्री थॉर्नने तिच्या बंदुका हातात घेऊन पाहिल्या आणि दोष नेमका सांगितला. अमेरिकेहून आणलेल्या त्या बंदुका तिच्या अंगकाठीला जड होत्या आणि दस्त्याचा बाक तिला बसत नव्हता. शिंप्याने मापे घ्यावीत तशी त्याने तिची मापे घेतली आणि वीस बोअरची हलकी दुनळी करून दिली. तिची नेमबाजी पुन्हा पहिल्यासारखी झाली.

ही लंडनची गोष्ट मी गेल्या वर्षा-दोन वर्षांत घरात कितीदा सांगितली असेल! आमचे निमगाव केतकी पानमळ्यांचे गाव. इथे बंदूक असलीच तर शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांना पळवण्यापुरती. आमच्याकडेही आजोबांच्या काळची एक बारा बोअरची दुनळी आहे. माझी पुतणी बारामतीला कॉलेजात शिकते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे स्कीटच्या मिश्र दुहेरीतले कांस्यपदक ४४-४३ असे एका तबकडीने हुकले, ते तिने पाहिले आणि आपणही हा खेळ करून पाहायचा असे मनात घेतले. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचा निर्णय तयार होता : आजोबांच्या बंदुकीचा दणका सोसला तर शीक, नाही तर नाद सोड.

माझा विरोध होता तो या कसोटीला. शेतसंरक्षणाचा परवाना खेळासाठी नसतो, हा कायद्याचा भाग झालाच. पण समजा तो प्रश्न नसता, तरी न बसणारे जू मानेवर ठेवले की बैलाला खांदा येतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. बैल कामाचा नाही असे त्यावरून कुणी म्हणत नाही; तो जू बदलतो. पोरीच्या बाबतीत मात्र जू तेच आणि दोष पोरीचा!

स्कीट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना दोन घरे, एक उंच, एक बुटके. त्यांतून हातभर रुंदीचीही नाही अशी, अवघ्या ११ सेंटिमीटरची तबकडी सुटते. नेमबाज आठ जागांवरून एका फेरीत २५ तबकड्या फोडायचा प्रयत्न करतो. ऑलिम्पिकच्या नियमांत तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. म्हणजे बंदूक वर उचलून खांद्याला लावणे, गाल टेकवणे, वळणे आणि चाप ओढणे, सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. इथे न बसणारा दस्ता काखेत अडकतो. खेळ तिथेच संपला.

नवख्याने म्हणूनच आधी बंदूक विकत घेऊच नये. मान्यताप्राप्त क्लबात जावे, तिथल्या दोन-तीन बंदुका प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हाताळाव्यात. बारा बोअर की वीस, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. वीस बोअर हलकी, तेव्हा तीच बाईमाणसाला बरी, हे अर्धेच खरे. काडतूस तेच ठेवले तर हलकी बंदूक जास्त दणका देते. वजन दणका पिते. साधारण साडेतीन किलोची बारा बोअर आणि २४ ग्रॅम किंवा त्याहून कमी छऱ्यांचे काडतूस ही जोडी पुष्कळांना सोयीची पडते. हात भरून येत असतील तर वीस बोअर घ्यावी, पण काडतूसही सौम्य हवे. नळ्या एकीवर एक असलेली दुनळी सोपी आणि सुरक्षित, कारण उघडली की रिकामी आहे हे चारचौघांना दिसते. वायूच्या दाबावर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक खांद्याला सर्वांत मऊ. नळीचे तोंड फार आवळलेले नको; इथे तबकडी वीसेक मीटरवर फुटते, छर्रे लवकर पसरायला हवेत.

पण या सगळ्याच्या वर दस्ता. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळी मोकळ्या दिशेला धरून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ माशीवर गेली तर बंदूक तुमची. मान लांबवावी लागली, किंवा समोर नळीचे बूडच दिसले, तर ती कितीही नामांकित असो, दुसऱ्याची. आपला कोणता डोळा जोरकस आहे हेही आधीच पाहून घ्यावे. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य निघाला म्हणजे नेम का चुकतात ते महिनोन् महिने कळत नाही.

बाईला हा खेळ झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी १९९२ चे बार्सिलोना आठवावे. तेव्हा स्कीटमध्ये स्त्री-पुरुष एकत्र उतरत. सुवर्णपदक चीनच्या झांग शान या तरुणीने नेले. पुढच्या ऑलिम्पिकला स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवले गेले आणि स्त्रियांचे स्वतंत्र स्कीट यायला २००० साल उजाडले.

अ‍ॅनीचे उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. १९०१ मध्ये रेल्वे अपघातात ती जखमी झाली. १९०३ मध्ये हर्स्टच्या वृत्तपत्राने ती कोकेनसाठी चोरी करताना पकडली गेल्याची बातमी छापली; पकडलेली बाई भलतीच, फक्त तिने अ‍ॅनीचे नाव सांगितले होते. ती बातमी देशभर छापली गेली. अ‍ॅनीने ५५ वृत्तपत्रांवर खटले भरले आणि १९१० पर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढून त्यांतले ५४ एक तर जिंकले किंवा तडजोडीने मिटवले. वकिलांवर गेले त्या मानाने हाती फार काही आले नसावे. तिला नाव धुऊन हवे होते.

त्यानंतरची तिची वर्षे मला सर्वांत आवडतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट या गावी १९१५ पासून ती बायकांना नेमबाजी शिकवू लागली, तीही फी न घेता. हजारो बायका तिच्या हाताखालून गेल्या. साठी उलटल्यावर, १९२२ मध्ये, तिने तिथेच ओळीने शंभर तबकड्या फोडल्या. त्याच वर्षी मोटार अपघातात पाय जायबंदी झाला, तरी पट्टा बांधून ती पुन्हा मैदानावर आली.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स डेव्हिस आणि त्याचे मित्र पूर्ण वर्तुळात फिरून तबकड्या फोडण्याचा एक नवा खेळ खेळत होते. शेजाऱ्याने कोंबड्या पाळायला काढल्या, छर्रे त्याच्या हद्दीत पडू लागले, म्हणून त्यांनी वर्तुळ अर्धे केले आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक यंत्र बसवले. आमच्या तालुक्यात एवढे पोल्ट्रीवाले आहेत. त्यांना ही गोष्ट फार आवडते. १९२६ मध्ये एका मासिकाने या खेळाच्या नावासाठी शंभर डॉलरचे बक्षीस लावले. ते मिळाले गर्ट्रूड हर्लबट या मोंटानातल्या बाईला. तिने सुचवलेला ‘स्कीट’ हा नेम मारण्यासाठीचा जुना स्कँडिनेव्हियन शब्द.

त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, अ‍ॅनी ओहायोत ग्रीनव्हिलला वारली. जिथे तिने पहिले लावे विकले, तेच गाव. फ्रँकने त्यानंतर अन्न जवळजवळ सोडलेच. अठरा दिवसांनी तोही गेला.