भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव ऊर्फ बाळासाहेब श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (जन्म : २४ ऑक्टोबर, इ.स. १८६८, मृत्यू : १३ एप्रिल, इ.स. १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक आणि सूर्यनमस्काराचे आधुनिक काळातील आद्य प्रचारक होते. इ.स. १९०९ पासून संस्थानाचे विलीनीकरण होईपर्यंत त्यांनी औंधचा कारभार पाहिला. तरुणपणी तालमीतील देशी व्यायाम आणि नंतर पाश्चात्त्य पद्धतीची शरीरसाधना केलेल्या बाळासाहेबांनी वयाच्या चाळिशीत सूर्यनमस्काराचा स्वीकार केला. तो त्यांनी उतारवयापर्यंत नेमाने चालविला, संस्थानातील शाळांत रुजविला आणि ग्रंथ लिहून परदेशातही पोहोचविला. वयाच्या सत्तरीत आपली राजसत्ता स्वेच्छेने प्रजेच्या हाती सोपविणारे संस्थानिक म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

पार्श्वभूमी

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद परशुराम त्र्यंबक यांच्याकडे आले. पुढे ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. मराठी राज्याच्या अस्तानंतर या घराण्याकडे औंधचे छोटे संस्थान उरले. त्याचा प्रदेश सलग नव्हता. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, तसेच त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यात विखुरलेली ७२ गावे मिळून हे संस्थान झाले होते. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ हे त्याचे मुख्य भाग होत. राजधानीचे औंध गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. पुण्याहून लोणंद, वाठार, कोरेगावमार्गे मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रहिमतपूर हे औंधला सोयीचे स्थानक. गावालगतच्या डोंगरावरील यमाई हे पंतप्रतिनिधी घराण्याचे कुलदैवत होय.

आरंभीचे जीवन

बाळासाहेब हे श्रीनिवासराव ऊर्फ अण्णासाहेब पंतप्रतिनिधी यांचे धाकटे पुत्र. त्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा बाळगण्याचे कारण त्यांना नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळविली. त्या काळच्या संस्थानिकांच्या मुलांत पदवीपर्यंत पोहोचणारे थोडेच होते. शिक्षणानंतर त्यांनी वडिलांच्या कारभारात चिटणीस म्हणून काम केले. गावोगावचा दफ्तरी व्यवहार, शेतसारा, दुष्काळ आणि रयतेच्या तक्रारी यांचा परिचय त्यांना या काळात झाला. चित्रकला आणि कीर्तन यांची आवड त्यांना लहानपणापासून होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत जोपासली.

इ.स. १९०१ मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर थोरले बंधू आणि मग पुतणे गोपाळकृष्णराव यांच्याकडे गादी गेली. इंग्रज सरकारने गोपाळकृष्णरावांना पदच्युत केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

तालीम आणि सँडोची पद्धत

सातारा-सांगलीचा मुलूख हा कुस्तीचा मुलूख आहे. गावोगावी तालमी, तांबड्या मातीचे हौदे आणि जत्रांतील फड यांची परंपरा येथे जुनी आहे. दंड, बैठका, जोडी आणि कुस्ती या व्यायामांचा संस्कार त्या काळच्या सरदार घराण्यांतील मुलांवरही होत असे, आणि बाळासाहेबांवरही तो झाला. मात्र या परंपरेला वयाची एक मर्यादा असते. कुस्तीला जोड लागतो, वस्ताद लागतो, मोकळा वेळ लागतो. तिशी उलटल्यावर मल्ल हळूहळू हौद्यातून बाहेर पडतो. व्यायाम सुटतो, परंतु खुराकाची सवय सुटत नाही, आणि एके काळी पीळदार असलेले शरीर स्थूल होऊ लागते. स्थूलतेचा हा प्रश्न बाळासाहेबांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होता.

त्या सुमारास जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेला शरीरसौष्ठवपटू यूजेन सँडो (१८६७-१९२५) याची कीर्ती हिंदुस्थानात पोहोचली होती. बाळासाहेबांनी इ.स. १८९७ च्या सुमारास त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत नियमाने आचरली. तिचा लाभ त्यांना झाला. परंतु तिच्या मर्यादाही त्यांच्या ध्यानात आल्या. साधने विकत घ्यावी लागत असल्याने सामान्य माणसाला ती परवडणारी नव्हती. शिवाय त्या व्यायामाने बाह्यतः स्नायू पुष्ट होत असले, तरी पचन, श्वसन आणि मनाची प्रसन्नता यांचा विचार त्यात पुरेसा नाही, असे त्यांचे मत झाले.

चाळिशीतील वळण

इ.स. १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या आग्रहावरून भवानरावांनी सूर्यनमस्कार घालण्यास प्रारंभ केला. सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवा नव्हता. उपासनेचा भाग म्हणून अनेक घरांत तो घातला जाई, तालमींतही त्याचा प्रघात होता, आणि त्याचा संबंध लोकपरंपरा समर्थ रामदासांच्या बलोपासनेशी जोडते. भवानरावांचे वैशिष्ट्य असे, की ज्या वयात लोक व्यायाम सोडून देतात, त्या वयात त्यांनी तो नव्याने हाती घेतला आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर त्याचा परिणाम पाहून मगच त्याचा प्रचार केला.

या व्यायामाला जोडीदार नको, साधन नको, आखाडा नको. माणसाच्या लांबीएवढी जागा पुरते. कोणाशी स्पर्धा नसल्यामुळे वाढत्या वयाचा संकोचही उरत नाही. स्त्रिया, मुले आणि प्रौढ यांना एकाच पद्धतीने तो करता येतो. यांपैकी स्त्रियांच्या व्यायामावर त्यांनी विशेष भर दिला. त्यांच्या राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने व्यायाम करणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

औंधची पद्धत

बाळासाहेबांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा अंक असतात. प्रथम ताठ उभे राहून हात जोडायचे. मग कमरेतून वाकून गुडघे न वाकविता तळहात पावलांच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकायचे. त्यानंतर एक पाय मागे, मग दुसरा पाय मागे, पुढे साष्टांग स्थिती, छाती उचलून मान मागे नेणे, कंबर वर उचलणे, आणि त्याच क्रमाने एकेक पाय पुढे आणून पुन्हा उभे राहणे, असा हा क्रम आहे. साष्टांग स्थितीत कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पावले जमिनीला टेकतात; पोट मात्र टेकत नाही. एकदा टेकलेले तळहात नमस्कार पुरा होईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, हा या पद्धतीचा महत्त्वाचा नियम होय. प्रत्येक अंकाला श्वास घेणे, रोखणे किंवा सोडणे ठरलेले असते. सूर्याची बारा नावे बीजमंत्रांसह उच्चारण्याची जोडही तिला आहे.

नमस्कारांची संख्या एकदम वाढवू नये, नेम मोडू नये आणि आहार साधा ठेवावा, यांवर त्यांचा कटाक्ष असे. प्रौढ वयात व्यायाम सुरू करणाऱ्याला हे तिन्ही नियम आजही उपयोगी आहेत.

शाळांत आणि परदेशात प्रसार

गादीवर आल्यानंतर बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आवश्यक केले. मुलांबरोबर मुलीही ते घालीत. दौऱ्यावर असताना ते स्वतः शाळांना भेटी देत आणि नमस्कार करून दाखवीत. अधिपती स्वतः जे रोज करतो तेच तो मुलांना सांगतो, हे लोकांना दिसत असल्यामुळे या उपक्रमाला केवळ फर्मानाचे रूप राहिले नाही. त्यांच्या आमंत्रणावरून औंधला येऊन स्थायिक झालेले वेदाभ्यासक आणि चित्रकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही स्वाध्याय मंडळाच्या द्वारे या कार्याला साहाय्य केले.

सूर्यनमस्कारावर बाळासाहेबांनी मराठीत आणि इंग्रजीत लेखन केले. इ.स. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता तेथील न्यूज क्रॉनिकल या दैनिकातील लेखिका लुईझ मॉर्गन यांनी त्यांच्या व्यायामपद्धतीची दखल घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या संस्थानिकाची चपळता हा तेथील वाचकांच्या कुतूहलाचा विषय झाला. त्यातूनच इ.स. १९३८ मध्ये लंडनमध्ये 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आधुनिक योगाच्या इतिहासाचे अभ्यासक या पुस्तकाला महत्त्व देतात. आज जगभरच्या योगवर्गांत आरंभी घातला जाणारा सूर्यनमस्कार बाळासाहेबांच्या दृष्टीने आसनांचा भाग नव्हता. तो एक स्वतंत्र आणि पूर्ण व्यायाम होता, हेही या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

उद्योग, विद्या आणि कला

बेळगावात कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी इ.स. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. इ.स. १९१६ मध्ये त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. इ.स. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आपला कलासंग्रह सर्वांना पाहता यावा म्हणून त्यांनी औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर याच्या शिल्पापर्यंतच्या कलाकृती तेथे आहेत. औंधच्या शाळेत शिकलेल्यांत साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर यांचा समावेश होतो.

औंधचा प्रयोग

इ.स. १९३८ मध्ये, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली त्या साली, बाळासाहेबांनी प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी या योजनेसाठी महात्मा गांधींचे मार्गदर्शन घेतले. जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची आणि तेथून संस्थानाची सभा बनावी, अशी तिची खालून वर जाणारी रचना होती. मतदाराला लिहिता-वाचता यावे या अटीमुळे प्रौढ साक्षरतेलाही चालना मिळाली. जमिनीचे वाद आणि गावातील तंटे गावातच मिटविण्याचा यत्न झाला.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविण्यात आली. भिंती आणि बेड्या यांवाचून कैद्यांवर विश्वास टाकण्याचा हा प्रयोग होता. व्ही. शांताराम यांच्या इ.स. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला त्याचीच प्रेरणा होती. इ.स. १९४२ च्या आंदोलनात आणि पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळात औंधच्या हद्दीत भूमिगत कार्यकर्त्यांना आश्रय मिळत असे. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकून असलेल्या संस्थानासाठी ही गोष्ट जोखमीची होती.

अखेरचा काळ

इ.स. १९४८ मध्ये दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंधचेही मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले, आणि त्याबरोबर पंचायतींचा प्रयोगही संपला. बाळासाहेबांनी विलीनीकरण शांतपणे स्वीकारले. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवून या मुलखाची तालमीची परंपरा जगापुढे नेली.

मूल्यमापन

बाळासाहेबांच्या कार्यावर काही आक्षेप घेता येतात. शाळांतील सक्ती सर्वांनाच रुचेल असे नाही. सूर्यनमस्काराने सर्व रोग दूर होतात, अशा प्रकारचे त्यांचे दावे आजच्या वैद्यकशास्त्राला मान्य होण्यासारखे नाहीत. बीजमंत्रांच्या परिणामांविषयीची त्यांची मतेही श्रद्धेच्या कक्षेत येतात. तथापि मध्यम वयात नेमाने केलेला साधा व्यायाम माणसाला दीर्घकाळ कार्यक्षम ठेवतो, हे त्यांचे मूळ प्रतिपादन काळाच्या कसोटीला उतरले आहे.

त्यांच्या व्यायामविचारात आणि राज्यविचारात एक साम्य आढळते. कुस्तीचा आखाडा मोजक्या बलवानांचा असतो. सूर्यनमस्कार कोणालाही घालता येतो. राजसत्ता एकाची असते, ग्रामपंचायत सर्वांची. दोन्ही ठिकाणी त्यांनी मोजक्यांच्या हातातील गोष्ट सर्वांच्या आवाक्यात आणण्याचा प्रयत्न केला. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत हे पुढे भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत राहिले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. महाराष्ट्रातील अनेक शाळांत रथसप्तमीला सामुदायिक सूर्यनमस्कार घातले जातात. त्यांच्या प्रसारामागे औंधच्या या अधिपतीचे सुमारे चार दशकांचे परिश्रम आहेत.